जुन्या प्लेस्टेशनची मॉडचिप कधी चालते, कधी नाही: लेन्स गेली की चिप?

घाटमाथा (धागाकर्ता), शनिवार रात्री

नमस्कार मंडळी. घरी पहिलं राखाडी प्लेस्टेशन आहे, मॉडेल एससीपीएच-७५०२. मामाने १९९९ साली लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून आणलं आणि तिथेच चिप (मॉडचिप, म्हणजे दुसऱ्या देशांच्या आणि जाळलेल्या डिस्काही चालवून घेणारी) बसवून घेतली. मामा गेला त्याला दोन वर्षं झाली. मामीने माळा आवरताना मशीन माझ्या हातात दिलं, म्हणाली, तुझ्याशिवाय याला कोणी हात लावणार नाही. मला ते शोकेसमध्ये ठेवायचं नाही, चालतं ठेवायचंय.

त्रास असा आहे. बहिणीने जपानहून ‘बोकु नो नात्सुयासुमी’ची अस्सल डिस्क आणली. २००० सालचा हा खेळ जपानबाहेर कधी निघालाच नाही. १९७५ च्या ऑगस्टमध्ये नऊ वर्षांचा मुलगा गावी नातेवाइकांकडे राहतो, किडे पकडतो, मासे धरतो, एवढाच खेळ. ही डिस्क घातली की दहातल्या तीन वेळा लागते. उरलेल्या सात वेळा ‘प्लीज इन्सर्ट प्लेस्टेशन सीडी-रॉम’ अशी पाटी येते. वीस मिनिटं चालू ठेवून रिसेट दाबलं तर बहुतेक वेळा लागते.

मी स्वतः केलेला एक छोटा खेळ कोऱ्या सीडीवर जाळलाय, तो तर एकदाही धड लागला नाही. इथल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने उघडूनही न बघता सांगितलं, लेन्स गेली, नवीन टाका. टाकू का?

---

रेट्रो_रसिक, शनिवार रात्री

पंचवीस वर्षांची लेन्स आहे, थकणारच. लेन्सच्या बाजूला एक बारीक पोट (पोटेन्शिओमीटर, फिरवायचा छोटा स्क्रू) असतो, तो स्क्रू ड्रायव्हरने किंचित फिरवून बघा. माझं मशीन तसंच सुधारलं होतं.

---

डाखवाला, शनिवार रात्री

थांब रे बाबा. पोटाला हात लावू नकोस. तो फिरवला की लेझरची ताकद बदलते आणि मूळ जागा कुठे होती ते पुन्हा सापडत नाही. ताकद वाढवली की थोडे दिवस छान चालतं, मग डायोड कायमचा जातो. मी नव्वदच्या दशकात टीव्ही-व्हीसीआर दुरुस्ती करायचो आणि अशा चिपाही पुष्कळ बसवल्यात. त्या पोटापायी मेलेल्या लेन्सा बघून वाईट वाटायचं.

आधी तीन गोष्टी सांग. इथली, म्हणजे युरोपी पाल (आपल्याकडची आणि युरोपातली टीव्ही पद्धत) आवृत्तीची अस्सल डिस्क आहे का? असेल तर ती दहातून किती वेळा लागते? गाण्याची सीडी वाजते का? आणि तू जाळलेली सीडी नेमकी कुठल्या पडद्यावर अडकते, पाटीवर की काळ्या पडद्यावर?

---

घाटमाथा, रविवार सकाळ

काका, सकाळी उठून आधी हेच केलं. दर वेळी मशीन पूर्ण बंद करून, पाच मिनिटं थांबून.

मामाची अस्सल पाल डिस्क दहातून दहा वेळा लागली. गाण्याची सीडी शेवटच्या गाण्यापर्यंत न अडखळता वाजली. जपानी डिस्क दहातून तीन. माझी सीडी मात्र निराळी वागते. तीसुद्धा बऱ्याचदा पाटीवरच थांबते, पण दोनदा काळ्या पडद्यावरचं पीएस चिन्ह आलं आणि तिथेच गोठली.

---

सर्किटवाली, रविवार दुपार

घाटमाथा, लेन्सचे पैसे खर्च करू नकोस. उत्तर तुझ्या आकड्यांतच आहे.

तुझी पाल डिस्क आणि जपानी डिस्क, दोन्ही कारखान्यात छापलेल्या. लेझरला त्या सारख्याच दिसतात, डिस्क कुठल्या देशाची हे त्याला कळत नाही. लेन्स थकली असती तर दोन्ही अडखळल्या असत्या. एक दहापैकी दहा आणि दुसरी तीन, म्हणजे वाचन ठीक आहे, ओळखपत्रात गडबड आहे. ते ओळखपत्र देण्याचं काम चिपचं.

हे कसं चालतं ते थोडं सांगते, कारण ते कळलं की पुढचा शोध सोपा होतो. सोनीच्या डिस्कवर डेटा सुरू होण्याआधीच्या आतल्या भागात, म्हणजे लीड-इनमध्ये, खाचांची वाट सरळ नसते. ती मुद्दाम किंचित नागमोडी छापलेली असते. त्या डुलण्यात चार अक्षरं दडवलेली असतात. जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. लेन्स वाटेवर राहण्यासाठी सतत डावी-उजवीकडे सावरत असते. त्या सावरण्यातूनच ही अक्षरं निघतात आणि ड्राइव्ह सांभाळणाऱ्या कंट्रोलरकडे जातात. आपल्या देशाची अक्षरं मिळाली तरच तो पुढचं दार उघडतो.

कॉपीत ती का येत नाहीत? कारण कोऱ्या सीडी-आरवर कारखान्यातच तिची स्वतःची नागमोडी वाट कोरलेली असते आणि बर्नर मुकाट्याने त्याच वाटेने जातो. तो ठिपके जाळू शकतो, वाट वळवू शकत नाही. डिस्कच्या काळ्या रंगाचा याच्याशी काही संबंध नाही. ती समजूत अजून फिरते, म्हणून सांगितलं.

चिप एवढंच करते. कंट्रोलरकडे जाणाऱ्या त्या तारेवर डिस्ककडून येणारी अक्षरं दाबून टाकते आणि स्वतः ‘एससीईई’ म्हणत राहते. वेग अगदी संथ असतो, सेकंदाला २५० बिट, म्हणजे एका बिटाला ४ मिलिसेकंद. एवढ्या सावकाश कामात चिपचं घड्याळ थोडं मागेपुढे झालं तरी बिघडत नाही. म्हणून ‘चिप म्हातारी झाली’ हे मला सहसा पटत नाही. तारा आणि त्यांचे जोड म्हातारे होतात.

तुझी पाल डिस्क चिपशिवायही लागते, तिच्यावर खरी अक्षरं आहेत. म्हणून ती दहापैकी दहा.

---

डाखवाला, रविवार दुपार

ताईंनी अगदी मुद्द्याचं सांगितलं. आणि गरम झाल्यावर चालतं म्हणालास ना? आमच्या दुकानी भाषेत याला ड्राय सोल्डर म्हणतात. डाख वरून लागलेला दिसतो, पण आत बारीक तडा असतो. मशीन तापलं की धातू फुगतो, तड्याची दोन टोकं भिडतात आणि मशीन शहाण्यासारखं वागतं. गार झालं की परत तेच.

उघड आणि फोटो टाक. त्याआधी नीट ऐक. पॉवर सप्लाय कव्हराच्या आतच उघडा असतो. आपल्या २३० व्होल्टवर त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठतो. प्लग काढ, दहा मिनिटं थांब, मगच हात घाल. चालू ठेवून मोजायची वेळ आली तर एकच हात वापर, दुसरा पाठीमागे. आणि झाकणाचं बटण दाबून डिस्क फिरवलीस तर लेन्समध्ये वाकून बघायचं नाही. तो लेझर इन्फ्रारेड, ७८० नॅनोमीटरचा. जवळजवळ दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याचा.

---

किनारा, रविवार संध्याकाळ

पणजीहून. माझ्या एससीपीएच-९००२ मॉडेलला डिट्टो हाच आजार आहे, थंडीत जास्त. धाग्यावर लक्ष ठेवून आहे. वाचनखूण साठवली.

---

घाटमाथा, रविवार रात्री

उघडलं. बोर्डवर पीयू-२२ छापलंय. आठ पायांची काळी चिप, वरचं नाव घासून काढलेलं. पाच तारा. सगळ्यावर पिवळा पडलेला हॉट ग्लू, एवढा की बोर्डवरचे जोड दिसतच नाहीत.

चिपच्या पाय १ आणि पाय ८ मध्ये चालू असताना ३.४६ व्होल्ट आले. बंद करून मल्टीमीटरने प्रत्येक तारेची कंटिन्यूइटी (तार अखंड असली की बीप येतो) तपासली, एक प्रोब चिपच्या पायावर, दुसरा ग्लूमधून टोचून बोर्डवरच्या जोडावर. पाचही तारांवर बीप. म्हणजे तारा ठीक आहेत. आता खरंच चिपच गेली का? सकाळपासून एवढी आशा वाटत होती.

---

डाखवाला, रविवार रात्री

आशा सोडू नकोस. ३.४६ म्हणजे सप्लाय उत्तम, तिथे साडेतीनच असतात. नाव घासलेली आठ पायांची म्हणजे बहुधा पीआयसी १२सी५०८. पाय १ ला प्लस, पाय ८ ला ग्राउंड, हे तू मोजलंसच. तीच असायची तेव्हा.

पण बीप आला म्हणजे जोड चांगला, असं समजू नकोस. तू प्रोब ठेवलास कुठे? जोडावरच. प्रोबचं टोक दाबलंस की तडा मिटतो आणि मीटर बीप देतो. प्रोब उचललास की तडा परत उघडतो. मीटर खोटं बोलला नाही, तूच जोड दाबून धरला होतास. मी या फसगतीत एकदा एका व्हीसीआरवर अख्खा दिवस घालवलाय.

असं कर. जोडावर प्रोब ठेवू नकोस. बोर्डवरची तीच रेघ पुढे जिथे जाते, तिथल्या एखाद्या रेझिस्टरच्या किंवा आयसीच्या पायावर ठेव. दुसरा प्रोब चिपच्या पायावर. प्रोब मित्राला धरायला दे आणि तू दात कोरायच्या काडीने तार हळूच इकडेतिकडे हलव. लाकडी काडीच घे, लोखंडी काही नको. बीप तुटला की चोर सापडला. हे सगळं मशीन गार असताना, सकाळी उठल्या उठल्या.

---

सर्किटवाली, रविवार रात्री

+१. ही युक्ती मी कामाच्या ठिकाणी नव्या मुलांना शिकवते, पण काकांनी सांगितलं तेवढं सरळ मला सांगता येत नाही.

एक भर. जोडणीचे नकाशे बोर्डानुसार बदलतात. पीयू-१८ चा नकाशा पीयू-२२ ला लावू नकोस. जुन्या बोर्डांवर गेटची तार (डिस्ककडून येणारी अक्षरं दाबणारी) चिपने खाली ओढून धरली की पुरायचं. पीयू-२२ पासून चिपला तिथल्या ७.३ किलोहर्ट्झच्या घड्याळाच्या तालावर अक्षरं द्यावी लागतात. तुझी चिप इतकी वर्षं चालली, म्हणजे बसवणाऱ्याने योग्यच बसवली होती. जे आहे त्याच जागी परत लाव, नवं काही शोधू नकोस.

---

घाटमाथा, सोमवार सकाळ

सापडला!! सहा वाजता उठलो. बायकोने प्रोब धरले, मी काडी. चार तारांवर बीप अखंड. पाचवीला काडी लागली की बीप गप्प, सोडली की परत सुरू. चिपकडचं टोक घट्ट आहे, बोर्डकडचं सुटलंय. पीयू-२२ च्या नकाशाशी ताडून पाहिलं तर तीच डेटाची तार, अक्षरं नेणारी.

ग्लू कसा काढू? ओढला तर पॅड (बोर्डवरचा तांब्याचा ठिपका, ज्यावर तार जोडतात) निघेल अशी भीती वाटते.

---

डाखवाला, सोमवार सकाळ

शाबास पोरा. ओढू नकोस. कापसाचा बोळा आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडव आणि ग्लूच्या कडेने पाझरू दे. दोन मिनिटांत ग्लू बोर्ड सोडतो, अख्खी चकती उचलून येते. मेडिकलमध्ये मिळतं.

मग जुना डाख पूर्ण काढ. जुन्यावर नवा चढवायचा नाही, तडा तसाच आत राहतो. फ्लक्स (डाख नीट धरायला लावतात ते) लाव, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न घे, ६०-४० ची डाखाची पातळ तार. दोन सेकंदांच्या वर टेकवू नकोस, पॅड नाजूक आहे. चांगला जोड चकचकीत असतो आणि तारेवर उतरत जातो. गोळीसारखा बसला तर परत कर. जुनी तार कडक झाली असेल तर तीही बदल, ३० गेजची पातळ वायर घे. जाड तार बोर्ड हलला की पॅडला ओढते. तुझा जोड सुटला तो बहुतेक त्यामुळेच.

---

रेट्रो_रसिक, सोमवार दुपार

काका, पोटाचा सल्ला मागे घेतो. माझं मशीन सुधारलं होतं, पण सहा महिन्यांनी लेन्स खरंच गेली. तेव्हा दोन्हींचा संबंध मला कळला नव्हता. घाटमाथा, तुम्ही माझं ऐकलं नाहीत ते फार बरं केलंत.

---

घाटमाथा, सोमवार रात्री

जोड केला. तार बदलली. गार मशीनवर जपानी डिस्क दहातून दहा!

पण एक नवीनच झालंय. बंद करून चालू केलं की लागते. चालू असताना रिसेट दाबलं की पाटी येते. आधी रिसेट चालायचं, खरं तर आधी रिसेटनेच जास्त वेळा लागायची. मी काही बिघडवलं का?

---

सर्किटवाली, सोमवार रात्री

घाबरू नकोस. एक विचारते, ग्लूची चकती उचलताना दुसरी कुठली तार ताणली गेली का?

पाच तारांच्या चिपा शहाण्या असतात. अक्षरं सांगून झाली की गप्प बसतात आणि रिसेटच्या तारेवर कान ठेवून असतात. रिसेट झालं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. ती तार तुटली तर चिपला रिसेट झालेलं कळतच नाही. मशीन अक्षरं मागतं आणि चिप गप्प. अगदी तुझं लक्षण.

गप्प का बसतात, त्यालाही कारण आहे. १९९९ च्या सुमारास काही खेळ हुशार झाले. ते मधूनच ड्राइव्हला विचारायचे, आता अक्षरं येतायत का? लेन्स तेव्हा डेटाच्या भागात असते, तिथे वाट नागमोडी नसतेच, अक्षरं यायला नकोत. तरी आली, म्हणजे आत चिप आहे. मग लाल पाटी, ‘सॉफ्टवेअर टर्मिनेटेड’. अखंड बडबडणाऱ्या जुन्या चिपा तिथे पकडल्या गेल्या. तुझ्या मामांनी चांगली चिप निवडली होती.

---

घाटमाथा, मंगळवार सकाळ

ताई, तेच निघालं. रिसेटची तार पॅडवरून उचकटली होती, केसाएवढी. परत लावली. आता गार, गरम, रिसेट, सगळं दहापैकी दहा. मामाने निवडलेली चिप वाचली, हे कळल्यावर मामी फोनवर काही वेळ बोललीच नाही.

दोन गोष्टी उरल्या. एक, जपानी खेळ टीव्हीवर काळापांढरा दिसतो. दुसरी, माझी सीडी आता पाटी दाखवत नाही, पण काळ्या पडद्यावर दर वेळी गोठते.

---

सर्किटवाली, मंगळवार दुपार

काळापांढरा हा चिपचा दोष नाही. जपानी खेळ मशीनला ६० हर्ट्झच्या एनटीएससीत ढकलतो, पण तुझ्या पाल मशीनमधलं घड्याळ ५३.२० मेगाहर्ट्झचं आहे, जपानी मशीनचं ५३.६९. पिवळ्या केबलवर रंग याच घड्याळातून काढलेल्या लहरीवर बसतो. ती लहर जागेवर नसली की टीव्ही रंग सोडून देतो. आरजीबी केबल आणि कन्व्हर्टर घेतलास तर प्रश्नच संपतो, कारण तिथे लाल, हिरवा, निळा वेगळे जातात. आपल्याकडच्या टीव्हींना स्कार्टची (आरजीबी केबल लावायची युरोपी) खाच नसते, म्हणून कन्व्हर्टर लागतो.

तुझ्या सीडीचं गोठणं मात्र वाचनाचं आहे. काळा पडदा आला, म्हणजे अक्षरं पास झाली, चिपचं काम संपलं. त्यापुढे अडकलं तर डिस्क किंवा लेन्स. तुझी लेन्स छापील डिस्क नीट वाचते, म्हणून माझा संशय सीडीवर. कुठल्या वेगाने जाळलीस?

---

घाटमाथा, मंगळवार दुपार

५२ एक्स. जी सीडी मिळाली तिच्यावर.

---

डाखवाला, मंगळवार संध्याकाळ

हे घे उत्तर. चांगल्या कंपनीची सीडी आण, ८ किंवा १६ एक्सला जाळ. जळालेल्या सीडीवरून परत येणारा प्रकाश छापील डिस्कपेक्षा कमी असतो, त्यात घाईने जाळलेले ठिपके अस्पष्ट. तरुण लेन्स चालवून घेते, म्हातारी नाही.

---

किनारा, मंगळवार रात्री

माझं ९००२ उघडलं. काडीची युक्ती वापरली. डेटाचीच तार! बोर्डकडचंच टोक!! काका, गोव्याला आलात तर जेवायला घरी यायचंच.

एक शंका. चिप अजिबात न वापरता मेमरी कार्डवरून सुरू करता येतं असं ऐकलं. खरं का?

---

सर्किटवाली, मंगळवार रात्री

हो. २०२१ मध्ये फ्रीपीएसएक्सबूट आणि टोनीहॅक्स आले. पहिल्यात खास लिहिलेलं मेमरी कार्ड लावायचं, दुसऱ्यात एखाद्या खेळाचा मुद्दाम बिघडवलेला सेव्ह. ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्ये काही गुप्त आज्ञा आहेत, त्या दिल्या की तो अक्षरं न मागता दार उघडतो. युरोपी आणि अमेरिकी मशीनवर त्या चालतात, जपानी मशीनचा कंट्रोलर त्यांना दाद देत नाही. कार्डवर ते लिहायला प्लेस्टेशन २ किंवा आर्डुइनोसारखा (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) काहीतरी लागतं.

शोधासाठीही ते फार उपयोगी आहे. कार्डवरून डिस्क लागते आणि चिपवरून लागत नाही, तर दोष चिपकडे. दोन्हीकडून लागत नाही, तर लेन्सकडे किंवा डिस्ककडे. घाटमाथाकडे दोन देशांच्या अस्सल डिस्का होत्या म्हणून आपलं त्याशिवाय निभावलं.

---

घाटमाथा, बुधवार रात्री

नवी सीडी, ८ एक्स. माझा खेळ लागला. पडद्यावर एक चौकोन आहे, तो बाण दाबला की सरकतो, एवढंच. पण मामाच्या मशीनवर तो सरकताना बघून मी बराच वेळ नुसता बसून होतो.

आता झाकण लावायचंय. नव्या जोडांवर परत हॉट ग्लू सोडू का?

---

डाखवाला, बुधवार रात्री

नको. ग्लूखाली तडा दिसत नाही आणि पुढच्याला काढताना त्रास होतो, तुला झालाच. तार बोर्डला चिकटून राहील एवढ्यापुरती कॅप्टॉन (उष्णता सोसणारी) टेप लाव, जोड उघडे ठेव. आणि वरची पत्र्याची शील्ड बसवताना तार तिच्या कडेखाली दाबली जात नाही ना, ते बघ. तिथे एखादी तार चेपली की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

---

घाटमाथा, गुरुवार सकाळ

टेप लावली. शील्डखाली रिसेटची तार खरंच दाबली जात होती, ती बाजूने वळवून घेतली. स्क्रू बसवलेत. गार मशीनवर जपानी डिस्क पहिल्याच झटक्यात लागली. आरजीबी केबल शनिवारी येतेय. मामी रविवारी जेवायला येणार आहे, तोवर रंग दिसायला हवेत.